पंपरूममधला मानवाधिकार

मित्रराष्ट्रांच्या लष्करी अधिकाऱ्यांना आपला देश प्रशिक्षण देतो, ही सर्वश्रुत गोष्ट आहे. त्यांतले काही अधिकारी मायदेशी परतल्यावर कैद्यांची हाडं मोडतात, ही तितकीशी श्रुत नसलेली गोष्ट एका परदेशी वर्तमानपत्राने छापली आणि दिल्लीत धावपळ उडाली. आमच्या अभ्यासक्रमात कवायत, नेमबाजी आणि नकाशावाचन एवढंच असतं, हाडांचा विषय नसतो, असा खुलासा झाला. तरीही मैत्रीला बाध नको म्हणून मानवाधिकारांचा एक तास वाढवण्यात आला. तो शुक्रवारी जेवणानंतर ठेवला, म्हणजे कुणाची अडचण व्हायला नको.

हा तास घ्यायला मंत्रालयातले अवर सचिव गुणवंतराव यांची निवड झाली. त्यांनी आयुष्यात कुणावर हात उचलला नव्हता. सहीसाठीसुद्धा ते तो नाइलाजानेच उचलत. वर्ग पहिल्या व्याख्येलाच घोरू लागे. एकटा एक मेजर जागा राही. खूश होऊन गुणवंतरावांनी त्याला रविवारी दिल्लीच्या द्वारका भागातल्या आपल्या नव्या सोसायटीत पुरणपोळी खायला बोलावलं. सुसंस्कृत नागरिक कसे राहतात तेही त्याला दिसेल, असा त्यांचा विचार होता.

नेमका त्याच सकाळी सोसायटीचे अध्यक्ष सचदेवा यांचा नवाकोरा कॉर्डलेस फोन नाहीसा झाला. गाड्या पुसणारा चंदरपाल जिन्यापाशी दिसला होता, म्हणून त्याला पंपरूममध्ये कोंडलं. पोलिसांना बोलवावं ही सूचना कमिटीने एकमुखाने फेटाळली. पोलीस मारतात, आणि इथे तर सगळे सुशिक्षित. त्यामुळे चंदरपालला फक्त हात वर करून, पंपाच्या चालू मोटारीशेजारी, जून महिन्यात उभं केलं होतं. त्याने पाणी मागितलं, तेव्हा टँकर सोमवारी येतो ही वस्तुस्थिती त्याला समजावून सांगण्यात आली.

हे कानावर येताच मेजरने पोळी अर्धी टाकून पंपरूम पाहण्याची इच्छा दर्शवली. परराष्ट्र संबंधांचा प्रश्न असल्याने गुणवंतरावांना नाही म्हणवेना. आरोप काय आणि हुकूम कुणाचा, असं मेजरने दारातच विचारलं. आरोप नाहीच, ही नुसती विचारपूस आहे, आणि हुकूम सर्वांचा, म्हणजे कुणा एकाचा नाही, असं गुणवंतरावांनी सांगितलं. मेजर आदराने मान डोलावत राहिला.

तेवढ्यात सचदेवांच्या सोफ्याच्या उशीखाली फोन वाजला. बातमी घेऊन गुणवंतरावांच्या पत्नी विजयालक्ष्मीबाई स्वतः खाली आल्या.

"अहो, चावी मागा आणि सोडा त्याला. हे बिल्कुल बरोबर नाही. त्याची बायको कधीची गेटवर रडतेय."

"असं एकदम सोडता येत नाही," गुणवंतराव हळूच म्हणाले. "सोडलं तर आपण कोंडलं होतं असं होईल. पाहुणा बघतोय."

"चंदरपाल पण बघतोय."

कमिटीची तातडीची बैठक सावलीत, सरबत घेत झाली. आपण चंदरपालला पोलिसांपासून वाचवलं आहे, हे तिथे सर्वांच्या लक्षात आलं. त्याने आभार मानले की त्याला जाऊ द्यावं, असं ठरलं. दार उघडलं तेव्हा त्याचे हात खाली येईनात, त्यामुळे नमस्कार वरच्यावरच झाला. "मेहरबानी, साहब," तो म्हणाला. बायकोने त्याला धरून नेलं. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही, आणि या लोकांना उपकारांची जाणीव नसते यावर सोसायटीचं एकमत झालं. गाड्यांवर धूळ फार बसते हो तिकडे.

निरोपसमारंभात मेजरने भावुक होऊन भाषण केलं. त्याच्या देशात एवढ्या कामाला बराकी लागतात, गणवेश लागतो, वरून हुकूम यावा लागतो. इथे सगळं घरच्या घरी, जेवता जेवता होतं. त्याच्या सरकारने आता आपल्याकडे प्रशिक्षक मागितले आहेत. लष्करी अनुभवाची अट नाही. सोसायटीत स्वतःचा फ्लॅट असावा, आणि खाली कुणाला तरी कोंडल्याचं कळूनही चहा गार होऊ न देण्याची सवय असावी. गुणवंतरावांनी तुमचं नाव कळवलं आहे.