पत्ता बदलत नाही

सासऱ्यांच्या भरतकामाच्या दुकानात कॉम्प्युटरच्या डोक्यावर एक पाटी होती : 'हात लावू नये.' सतरा वर्षं कुणी लावलाही नव्हता. सासरे सकाळी तो चालू करत, पडद्यावर नाव किंवा आकडा टाइप करत आणि शेजारचं यंत्र खटाखटा तो कापडावर शिवून टाकत असे. एवढ्यात जावई बायकोला घेऊन चार दिवसांच्या सुट्टीवर आला.

जावई कॉम्प्युटरच्या कर्नेलवर काम करायचा. कर्नेल म्हणजे आतला कारभारी, हे त्याने आठ वर्षांत सासऱ्यांना अनेकदा समजावलं होतं. सासरे दर वेळी मान डोलावून विचारत, "ते कळलं हो, पण तुम्ही नेमकं करता काय?" या खेपेला काहीतरी करूनच दाखवायचं, असं जावयाने ठरवलं. दुकानात गाणी नव्हती. सासरे दोरा आणायला गेल्याची संधी साधून त्याने कॉम्प्युटर उघडला आणि रिकाम्या खाचेत गाणी वाजवणारं कार्ड बसवून त्याला नवा स्पीकर जोडला.

नेमक्या त्याच दिवशी मुलींच्या फुटबॉल संघाच्या बारा जर्सींवर नंबर शिवायचे होते. संध्याकाळी अंतिम सामना. गेल्या वर्षी बिचाऱ्या पाठीवर कागदी आकडे टाचून खेळल्या होत्या, आणि पाऊण सामना आकडे उचलण्यातच गेला होता. सासऱ्यांनी शब्द दिला होता, की या वर्षी कागद दिसणार नाही. आदल्या दिवशी तीन जर्सी झाल्या होत्या, नऊ राहिल्या होत्या.

सासऱ्यांनी सात टाइप करून बटण दाबलं. यंत्र ढिम्म. नव्या स्पीकरमधून मात्र पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज आला.

"जावईबापू, मी सात शिवायला सांगितलं. हे गातंय कशाला?"

"दोन मिनिटं, बाबा."

जर्सींना इस्त्री करत असलेली बायको म्हणाली, "ते कार्ड काढ ना आधी."

पण काढणं म्हणजे चूक कबूल करणं. जावई म्हणाला, "कार्डाचा दोष नाही गं. सिस्टिमच जुनाट आहे." त्याने खिशातला पेनड्राइव्ह काढला आणि नवी सिस्टिम चढवली. त्यात दीड तास गेला. बटण दाबल्यावर आता स्पीकर आधीपेक्षा स्वच्छ किंचाळला. मग मात्र त्याने निमूटपणे कार्ड काढलं. आता यंत्रही गप्प आणि स्पीकरही गप्प.

"वा!" सासरे म्हणाले. "निदान शांतता तरी परत आली."

बारा वाजता संघाच्या बाईंचा फोन आला. मुली जर्सींची वाट बघतायत, चारला घ्यायला येते, म्हणाल्या. सासरे "या, या" म्हणाले, फोन ठेवला आणि कपाटातून पांढरा कागद आणि कात्री काढली. त्यांनी सात कापायला घेतला. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं जावयाला वाटलं. त्या कात्रीच्या आवाजाने त्याला अक्षरशः रडू यायचं बाकी होतं.

शेवटी जे सकाळीच करायला हवं होतं ते त्याने केलं. यंत्र चालवणारा प्रोग्राम उघडून वाचला. तो कुणी लिहिला, हे त्याने आठ वर्षांत कधी विचारलंच नव्हतं. विसाव्या ओळीला तो उसळला.

"सापडलं! कुठल्या गाढवाने लिहिलंय हे? पत्ता चक्क हाताने लिहून ठेवलाय!"

"कुणाचा पत्ता?" कात्री थांबली.

"यंत्राला कॉम्प्युटरशी जोडणाऱ्या कार्डाचा. बाबा, असं समजा, कर्नेल म्हणजे लॉजचा मॅनेजर. कॉम्प्युटर चालू झाला की तो एकेका कार्डाला खोली देतो. कोण कुठल्या खोलीत आहे, ते काउंटरवर विचारायचं असतं. नवा पाहुणा आला किंवा मॅनेजर बदलला, की खोल्या बदलू शकतात."

सासऱ्यांनी चष्मा वर केला. "म्हणजे आमचा प्रोग्राम इतकी वर्षं न विचारता, समजा, बारा नंबरच्या खोलीत निरोप टाकत होता. सकाळी तिथे तुमचा गवई येऊन राहिला. आमच्या निरोपावर तो ओरडला. आणि तुम्ही मॅनेजर बदलून गवयालाही बाहेर काढलंत, तेव्हा ती खोली रिकामी पडली, आमचं यंत्र दुसरीकडेच राहिलं."

जावई बघतच राहिला. ऑफिसातल्या नव्या मुलांना हे समजायला आठवडा लागायचा.

"अगदी बरोबर! आणि या गाढवाने तर वर टीपही लिहिलीय, ऐका. 'पत्ता बदलत नाही. चौथ्या बाकावरच्या चष्मेवाल्याला विचारलं. तो म्हणाला, डोळे मिटून लिही...'"

वाचता वाचता त्याचा हात स्वतःच्या चष्म्याकडे गेला. कॉलेजात चौथ्या बाकावर चष्मेवाला एकच होता.

"थांबलास का? पुढे वाच की," इस्त्री बाजूला ठेवत बायको म्हणाली. "लिहिलंय मी. शेवटच्या वर्षाला, बाबांसाठी."

पुढे एवढंच होतं : 'त्याला सगळं येतं. दिसायलाही बरा आहे.'

सासऱ्यांनी आधी मुलीकडे पाहिलं, मग जावयाकडे, आणि हातातला कागदी सात डोळ्यांना लावून ते गदगदा हसत सुटले. आठ वर्षांत ते जावयासमोर असे हसले नव्हते.

पुढची चाळीस मिनिटं जावई आणि बायको एकाच स्टुलावर अर्धे अर्धे बसले. हाताने लिहिलेला पत्ता काढून त्यांनी प्रोग्रामला आधी कर्नेलला विचारायला शिकवलं. बटण दाबलं आणि यंत्र खटाखटा सुटलं. चारला पाच मिनिटं कमी असताना शेवटच्या जर्सीचा दोरा कापला. बाई आल्या तेव्हा बाराच्या बारा जर्सी घडी घालून तयार होत्या. बाईंनी पहिलीच उलगडून आकड्यावरून हात फिरवला आणि तिची परत नीट घडी घातली.

त्या गेल्यावर जावयाने प्रोग्रामच्या टिपेखाली एक ओळ टाकली : 'पत्ता बदलतो. विचारून घ्यावा. — गाढव.' सासऱ्यांनीही पाटी खाली उतरवून पुसली आणि नव्याने लिहिली : 'विचारून हात लावावा.'

जावई पंख्याच्या बटणाशी गेला, आणि हात तसाच हवेत थांबवून म्हणाला, "बाबा, लावू का?"

"लावा," सासरे म्हणाले. "आणि ते गाण्याचं कार्डही परत बसवा. त्या गवयाला आता त्याच्या स्वतःच्या खोलीत गाऊ दे."