अप्पांचा बाजा

"वीस मिनिटांचं काम आहे, ताई! वीस! आणि त्यातली पाच चहाला!"

धाकट्यानं फोनवर छाती फुगवून सांगितलं. धाकटा हे घरातलं नाव. वय एकावन्न, पोट पुढे, केस मागे. पण छाती फुगवायला कारण होतं. गेली सव्वीस वर्षं तो मिक्सरच्या कंपनीत माहितीपत्रकं लिहीत होता. नव्या मिक्सरच्या खोक्यात सगळ्यात वर जी घडी घातलेली पुस्तिका असते आणि जी लोक न उघडताच माळ्यावर भिरकावतात, ती त्याची! 'वापरण्यापूर्वी सर्व सूचना शेवटपर्यंत वाचा' हे वाक्य त्यानं इतक्या वेळा लिहिलं होतं, की झोपेतून उठवला असता तरी तो तेच बोलला असता.

अशा माणसाला बापावर चार शब्द लिहिणं काय अवघड?

अप्पा जाऊन दहा दिवस झाले होते. छत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस शेवटी जिन्यावरून पडून गेला. हसू नका, घरचेही हसले नव्हते. लिफ्टवाल्यांच्या संघटनेनं रविवारी पाच वाजता शोकसभा ठेवली होती आणि मुलगा या नात्यानं धाकट्यानं बोलायचं होतं.

ताई एकोणिसाव्या वर्षी घरातून निघाली, ती परत त्या घराचा उंबरा चढली नव्हती. अंत्यविधीलाही आली नाही. ती शोकसभेला येते म्हणाली, तेव्हा धाकट्याला वाटलं फोनमध्येच काहीतरी बिघाड आहे.

"पण माझं एक ऐकशील?" ताई म्हणाली.

"दहा ऐकतो!"

"शिव्या देऊ नकोस. गेलेल्या माणसाचे वाभाडे काढू नकोस. पण एक वाक्य खरं बोल. एकच. मी तेवढ्यासाठी येतेय."

"एक काय, तीन बोलतो!"

"एकच पुरे," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी नऊला धाकटा लिहायला बसला. साडेनऊला कागदावर 'अप्पा हे' एवढं होतं. दहाला त्यानं ते खोडून 'आमचे अप्पा' केलं. साडेदहाला चहा झाला. पावणेअकराला दुसरा. अकराला त्याच्या लक्षात आलं की मिक्सरचं भांडं कसं बसवायचं हे आपण बारा प्रकारे सांगू शकतो, पण बाप कसा होता हे एकाही प्रकारे सांगता येत नाही.

मग त्यानं लॅपटॉप उघडला. ऑफिसात हल्ली सगळेच एआयला हाताशी धरून लिहायचे. धाकटाही लिहायचा, पण मिक्सरवर. बापावर ही पहिलीच वेळ.

'वडिलांच्या शोकसभेसाठी भाषण लिहायचं आहे,' त्यानं टाईप केलं.

'तुमच्या दुःखात सहभागी आहे,' एआयनं लिहिलं. 'आपण मिळून लिहू. ते काय काम करायचे?'

'लिफ्टचे मेकॅनिक. छत्तीस वर्षं. हातात कायम लोखंडी पेटी.'

'आणि घरी कसे होते?'

धाकटा थांबला. एकावन्न वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. बायकोनंही नाही, कारण तिनं सासरे पाहिले होते. त्यानं खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या गच्चीवर कुणाचे तरी मोजे वाळत होते. मोज्यांकडे बघत बघत त्यानं ताईचं ते एक वाक्य लिहून टाकलं, अगदी शब्दन् शब्द खरं:

'अप्पा रोज सात वाजता घरी यायचे, पेटी खाली ठेवायचे आणि आमचा बाजा वाजवायचे. ताईचा जास्त.'

हा दोघा भावंडांचा लहानपणचा सांकेतिक शब्द. सातला चाळीच्या फाटकाची कडी वाजली की ताई कुजबुजायची, "आज बाजा आहे रे," आणि धाकट्याला पलंगाखाली ढकलायची. स्वतः मात्र बाहेरच उभी राहायची. दोघांपैकी एक तरी सापडायला हवा, नाहीतर शोध सुरू व्हायचा.

एआयनं अर्ध्या मिनिटात भाषण लिहून दिलं. पहिल्या चार ओळी वाचून धाकट्याच्या अंगावर काटा आला. 'काही माणसं इमारती उभ्या करतात, काही माणसं त्या इमारतींत इतरांना वर-खाली नेतात.' वा! हे आपल्याला सव्वीस वर्षांत सुचलं नाही!

तेवढ्यात संघटनेच्या सेक्रेटरींचा फोन आला. खुर्च्या साठ की ऐंशी? मग दुसरा. फोटो उभा की आडवा? धाकट्यानं एका हातानं फोन धरला, दुसऱ्या हातानं होतं नव्हतं ते सगळं एकदम छापून टाकलं. दोन पानं आली. दुसऱ्या पानावर वरच 'टीप' असं लिहिलेलं होतं. आता टीप कोण वाचतं? धाकट्याला तर पक्कं ठाऊक होतं, सव्वीस वर्षं तोच लिहीत होता ना टिपा!

"झालं का भाषण?" बायकोनं विचारलं.

"झालं!"

"वाचून बघितलंस?"

"स्वतः लिहिलेलं काय वाचायचं?"

"तू लिहिलंस?"

"...दोघांनी मिळून," धाकटा म्हणाला आणि इस्त्रीचा शर्ट शोधायला लागला.

सभागृह म्हणजे लिफ्टच्या गोदामाखालचं तळघर. तिथं पोचायला लिफ्ट नव्हती, हे ओघानं आलंच. साठ खुर्च्या, साठ माणसं, टेबलावर अप्पांचा आडवा फोटो. पुढच्या रांगेत अप्पांचे धाकटे भाऊ, म्हणजे काका. त्यांच्या शेजारी रिटायर्ड फोरमन, हे अप्पांच्याच चाळीत वरच्या मजल्यावर राहायचे. दुसऱ्या रांगेत भिंतीला भिंत लागून घर असलेल्या शेजारच्या काकू. आणि अगदी मागे, दाराशी, मांडीवर पर्स घट्ट धरून ताई. पळायचं झालं तर एका ढांगेत बाहेर, अशा बेतानं ती बसली होती.

धाकट्यानं तिच्याकडे बघून मान डोलावली. काळजी करू नकोस, वाक्य आहे!

वाचन सुरू झालं. वर-खाली नेणाऱ्या माणसांवर फोरमननं डोळे पुसले. धाकट्याला चेव चढला. आवाज लागला. आणि मग तो तिसऱ्या परिच्छेदात शिरला.

"रोज संध्याकाळी सात वाजता अप्पा घरी यायचे. दमलेले असायचे, तरी पेटी खाली ठेवायचे आणि आम्हा भावंडांसाठी... बाजा वाजवायचे."

इथं त्याला घोटाळा कळला. पण जीभ ही लिफ्टसारखी असते, एकदा सुटली की मजल्यावरच थांबते.

"त्यांच्या बोटांत जादू होती. ताई तर त्यांची लाडकी श्रोती. तिच्यासाठी ते... जरा जास्तच वेळ वाजवत. त्या सुरांनी आमचं बालपण घडवलं."

"वा!" पुढच्या रांगेतून आवाज आला.

धाकट्यानं वर बघितलं. साठ चेहरे पाघळले होते. ताईचा चेहरा मात्र पाटी पुसल्यासारखा कोरा होता. थांब, हे चुकलंय म्हण, असं त्याला आतून कोणीतरी ओरडून सांगत होतं. पण म्हणायचं काय? 'माफ करा, तो बाजा नव्हे, दुसरा बाजा'? त्यानं उरलेलं वाचून टाकलं. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या!

आणि मग गाडं जे उताराला लागलं!

फोरमन उठले. "गडी कधी बोलला नाही! पण मी सांगतो, लिफ्टच्या खड्ड्यात उतरला की गुणगुणायचा. मी या कानांनी ऐकलंय!"

"अहो, आमच्या रक्तातच सूर आहे," काका तिथूनच म्हणाले. "लहानपणी दादा पत्र्याचा डबा असा वाजवायचा की ऐकत राहावं! धाकट्या, ती पेटी कुठाय रे? बाजाची? आठवण म्हणून मी नेईन म्हणतो."

"काका, ती पेटी..."

"तुला वाजवता येते का? नाही ना? मग!"

सेक्रेटरींनी माईक ओढला. "मी या ठिकाणी जाहीर करतो, की दरवर्षी अप्पांच्या नावानं पेटीवादनाची स्पर्धा घेण्यात येईल!" पुन्हा टाळ्या. फोटोतले अप्पाही जरा दचकल्यासारखे वाटले.

मग शेजारच्या काकू उठल्या. पदरानं डोळे टिपत म्हणाल्या, "आम्हाला तर भिंतीतून ऐकू यायचं हो. रोज! सातच्या ठोक्याला. आमचे हे लगेच रेडिओ मोठा करायचे..."

काकू थांबल्या. आपण काय बोललो हे त्यांच्या हळूहळू लक्षात येत होतं.

"म्हणजे... त्यांच्या रियाजात आपला व्यत्यय नको म्हणून," त्या म्हणाल्या.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ताई उभी होती.

"काकू, काय ऐकू यायचं?"

"अगं... तेच. बाजा."

"कसा वाजायचा?"

काकूंनी काकांकडे बघितलं. काकांनी फोरमनकडे. फोरमननं छताकडे.

"मला मेलीला कुठं कळतंय गाण्यातलं?" काकू म्हणाल्या आणि खाली बसल्या.

मग सेक्रेटरी ओरडले, "चहा तयार आहे!" आणि आतापर्यंत गुडघे धरून बसलेली साठ माणसं अशी उठली, की जणू तळघरात पाणी शिरलं होतं. दोन मिनिटांत सगळे शेजारच्या खोलीत.

धाकटा हातात कागद घेऊन ताईजवळ गेला.

"एकच मागितलं होतं तुझ्याकडे," ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं.

"ताई, मी तेच लिहिलं होतं गं! आईशप्पथ! 'बाजा वाजवायचे, ताईचा जास्त.' त्या एआयला आपली भाषाच कळली नाही! ठोकून दिलं त्यानं!"

"बघू."

त्यानं दोन्ही पानं पुढे केली. तिनं पहिलं बघितलंही नाही. दुसरं वाचलं. पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून धाकट्याच्या हातात ते पान ठेवलं.

'टीप: वाचण्यापूर्वी हे जरूर बघा. "आमचा बाजा वाजवायचे" याचा अर्थ मी वाद्य वाजवणे असा घेतला आहे. पण बोलण्यात याचा अर्थ मारणे असाही होतो, आणि तुम्ही "ताईचा जास्त" असं लिहिलंत म्हणून मला शंका येते. तसं असेल तर तिसरा परिच्छेद वाचू नका. मला सांगा, आपण पुन्हा लिहू. आणि तसं असेल तर एक विचारू का? तुम्ही आणि ताई आता बरे आहात ना?'

धाकट्यानं पान शेवटपर्यंत वाचलं.

"हे कधी विचारलं त्यानं?" ताईनं विचारलं.

"सकाळी. साडेअकराला."

"भिंतीपलीकडे काकू. वर फोरमन. काका दर रविवारी जेवायला, माझ्या हातावरचे वळ बघत बघत दोनदा भात घ्यायचे." ताईनं बोटं मोजली आणि मग मोजणं सोडून दिलं. "आणि विचारलं कोणी, तर यानं. काय उत्तर दिलंस?"

"मी... वाचलंच नाही, ताई."

ताई हसली. ते हसणं ऐकण्यापेक्षा सातचा बाजा परवडला असता, असं धाकट्याला वाटलं.

"सव्वीस वर्षं जगाला सांगतोयस ना रे, शेवटपर्यंत वाचा म्हणून?"

तेवढ्यात काका कप सांभाळत आले. "मग, पेटीचं काय ठरलं?"

"घेऊन जा ना, काका," ताई म्हणाली. "पलंगाखालीच असेल. जड आहे, दोघांनी उचला. उघडलीत की सगळ्यात वर लोखंडी फूटपट्टी दिसेल. तीच वाजायची."

काकांनी कपात बघितलं. चहा संपला होता तरी बराच वेळ बघितलं.

"राहू दे," ते म्हणाले. "आमच्याकडे जागा नाही." आणि चहाच्या खोलीत परत गेले.

धाकटा वळला. कोणी ढकलल्यासारखा टेबलापाशी गेला. माईक बंद करून वायर गुंडाळून ठेवली होती. त्यानं तो तसाच हातात घेतला. समोर साठ रिकाम्या खुर्च्या, बाजूला अप्पा आडवे.

"अप्पा आम्हाला मारायचे," तो म्हणाला.

"ऐकू येत नाही," दाराशी उभी ताई म्हणाली.

"अप्पा आम्हाला मारायचे! रोज! आणि ताई मला लपवून स्वतः मार खायची!"

तळघर घुमलं. शेजारच्या खोलीतली कपबशांची किणकिण थांबली. मग कोणीतरी आतून मधलं दार हलकेच लोटून घेतलं. पाठोपाठ कडी लागली.

धाकटा बंद माईक घेऊन तसाच उभा राहिला. अजून खूप होतं. चाळीस वर्षांचं होतं.

"पुरे," ताई म्हणाली. "एकच ठरलं होतं. तू तीन बोललास." तिनं पर्स खांद्याला लावली आणि त्याच्यासाठी दार धरून ठेवलं. "चल. आणि त्या बिचाऱ्याला आधी उत्तर दे. सकाळपासून वाट बघत असेल."

जिना चढता चढता धाकट्यानं फोन काढून सकाळचं ते संभाषण उघडलं. 'तुम्ही आणि ताई आता बरे आहात ना?' खाली उत्तराची चौकट रिकामी होती. तो तळमजल्यापर्यंत विचार करत होता. मिक्सरवर बारा प्रकारे लिहिणारा माणूस, पण याला एकही प्रकार सुचेना.

"ताई," त्यानं शेवटी विचारलं, "काय लिहू?"