‘खाटा’ सेवा ठावदफ्तरी दाखल झाली, ते समयीचे वर्तमान

श्री. जो ठाव सांगतो त्यास नमन, जो ठाव विचारतो त्याचे कल्याण असो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, कार्तिक वद्य षष्ठी, गुरुवासरे, ते दिवशी दोन प्रहरी जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे.

राज्याचे नाव लिहीत नाही. राज्य यंत्रांचे, आणि त्यात माणसे थोडी व सेवा फार. सेवा म्हणजे लहानसा प्रोग्राम, एकीने एकच काम करावे: कोणी रस्ते पाहावे, कोणी औषधांची मोजदाद राखावी, आणि ‘खाटा’ नामे सेवेने कोणत्या इस्पितळी खाट रिकामी आहे ते रुग्णवाहिकांस सांगून ती रोग्याचे नावे राखून ठेवावी. या सेवांस कायमचे घर नाही, आज या यंत्रावर तर उद्या त्या, आणि मग कोण कोठे आहे हे कळावे म्हणून राज्यकर्त्यांनी ठावदफ्तर नामे सर्व्हर वसविला होता. दस्तूर ऐसा, की सेवा चालू जाहली म्हणजे तिने प्रथम दफ्तरी आपले नाव, यंत्राचा पत्ता आणि दरवाजाचा क्रमांक लिहून द्यावा, आणि मग दर तीस सेकंदांनी ‘आहे’ एवढा निरोप पाठवावा, आणि तीन निरोप चुकले तर तिचे नाव खोडावे. एका नावाच्या दोन सेवा असल्या तर विचारणारास आळीपाळीने एकेकीकडे धाडावे. ‘आहे’ म्हणणारी खरोखर आहे किंवा कसे, हे पाहण्याचा मात्र दस्तूर नव्हता.

ऐसियास रेवतीबाई खानविलकर म्हणून कोणी, भौतिकशास्त्र शिकून नुकत्याच चाकरीस राहिल्या होत्या, त्यांनी तीन महिने खपून नवी ‘खाटा’ सिद्ध केली. जुनी ‘खाटा’ दोन वर्षांमागे बंद जाहली होती, तिचे यंत्र मोडीत निघाले होते, आणि टेकडीवरले तापाचे इस्पितळ, ज्याच्या खाटा ती मुख्यत्वे सांगत असे, तेही त्याच महिन्यात कुलूपबंद जाहले होते. बाईंनी नवी सेवा चालू केली आणि दफ्तराने उत्तर दिले, ‘दाखल’. बाईंस बहुत समाधान वाटले. मग यादी उघडून पाहतात तो ‘खाटा’ नावापुढे दोन ठाव. सकाळी त्या नावाखाली कोणी नव्हते. बाईंची नोंद ज्या सेकंदास जाहली, त्याच सेकंदास दुसरीही ‘आहे’ म्हणाली होती.

शेजारी दफ्तरदार नीळकंठराव ओगले चहा घेत बसले होते. बाई त्यांस म्हणाल्या, “सर, मी एकच चालू केली. इथे दोन दिसतायत.”

“दोनदा दाबलं असशील. नव्या माणसाचा हात हलका नसतो.”

“पत्ता वेगळाय. कोठी नऊ.”

ओगल्यांनी कप खाली ठेविला. म्हणाले, “कोठी नऊचं, जुन्या ‘खाटे’चं यंत्र मी स्वतः भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवलंय. तेव्हा धरलेली कंबर अजून सुटली नाही माझी.”

मग उभयता कोठी नऊस जाऊन पाहते जाहले. फळी रिकामी, धूळ बोटभर, आणि धुळीत यंत्राच्या चार पायांचे चार चौकोन तेवढे स्वच्छ, जणू कोणी आताच पुसून गेले. तार तोडलेली, तिचे टोक भिंतीस टांगलेले. बाईंनी ते टोक हाती धरून पाहिले आणि परत येऊन दुसरे नाव खोडले. तीस सेकंद जाहले, आणि नाव परत आले. पुन्हा खोडले, पुन्हा आले. तिसऱ्या खेपेस बाईंनी घड्याळ लावून पाहिले, तो एका सेकंदाचाही फरक नाही.

इतक्यात फोन वाजला. रुग्णवाहिकेचे चालक इस्माईल तांबोळी बोलत होते. दाजिबा शेलार नामे साठीचा मनुष्य गाडीत होता, श्वास लागलेला, आणि प्राणवायूची टाकी वीस मिनिटे पुरेल इतकीच होती.

“बाई, तुमच्या मशीननं टेकडीवर पाठवलंय. खाट नंबर बारा. हे तर बंद होतं ना?”

“बंदच आहे, इस्माईलभाई. तिथे थांबू नका.”

“दार उघडंय पण. आतनं कोण बाई म्हणते, आणा, खाट तयार आहे.”

बाई वाणी स्थिर ठेवून विचारत्या जाहल्या, “ती दिसते तुम्हाला?”

“नाही. नुसता आवाज. आमचं पेशंट उठून बसलंय बघा, मगापासनं मान टाकून होतं. इथंच उतरवा म्हणतंय.”

ओगले हळूच बोलले, “गाडीत यादीची नक्कल असते. इथे खोडलं तरी गाडी त्याच दारी जाईल. तूच सांग त्याला.”

“इस्माईलभाई, दार लावा आणि खाली शहरात जिल्हा इस्पितळात न्या, तिथे खाट आहे, मी पाहिलीय. ते काहीही म्हणाले तरी उतरवू नका. आणि त्या आवाजाला उत्तर देऊ नका.”

“उत्तर कोण देतंय. मी काच वर केलीये कवाच.”

गाडी वळली. चौदा मिनिटांत खाली पोहोचली, दाजिबांस नळी लागली, आणि जीव वाचला. तोवर बाईंनी दफ्तरातला ‘खाटा’ नावापुरता परवलीचा शब्द बदलला आणि नवा शब्द आपल्याच सेवेस दिला, तेव्हा दुसरीचे निरोप नाकारले जाऊ लागले आणि यादीत एकच ‘खाटा’ राहिली. ओगले म्हणाले, “झालं, सुटलो.”

परंतु चौथे दिवशी इस्माईलभाईंचा पुन्हा फोन आला. दाजिबा बरे होते, अन्न घेत होते, आणि रोज दोन प्रहरी सलाईन उपसून दाराकडे चालू लागत. मुलीने अडविले तर म्हणत, “अगं, माझी खाट तिकडं धरून ठेवलीय. बाई नाव घेऊन हाक मारते, ताटकळत बसवायचं का तिला?” आदले दिवशी फाटकापर्यंत गेले होते, आणि पडले होते.

बाई विचारात पडल्या. नाव त्या आवाजास कसे कळले, याचा उलगडा त्यांस लागलीच जाहला: खाट राखण्याचे अर्जात रोग्याचे नाव जातेच, आणि तो अर्ज जुनीकडे गेला होता. मग त्याहून कठीण गोष्ट ध्यानी आली. खाट बारा दाजिबांचे नावे राखली गेली ती तशीच आहे. ती सोडविण्याचा अर्ज जुन्या ‘खाटे’स पोहोचला पाहिजे, आणि तिचा ठाव तर बाईंनीच दफ्तरातून काढून टाकिला.

“एकदा आत घेऊ,” बाई म्हणाल्या. “एका निरोपापुरती.”

“आणि नाही गेली तर?”

“दाजिबा उद्या फाटकाबाहेर जातील, सर.”

ओगल्यांनी मान हलविली. मग बाईंनी आपली सेवा थांबविली, सर्व गाड्यांस फोन करून अर्धी घटका यंत्रास काही विचारू नका म्हणून सांगितले, आणि जुना परवलीचा शब्द परत दिला. ‘खाटा, कोठी नऊ’ तत्काळ दाखल जाहली, जणू उंबऱ्यावरच उभी होती. बाईंनी अर्ज लिहिला: खाट बारा, दाजिबा शेलार, सोडावी. उत्तर येण्यास सात सेकंद लागले. उत्तर ऐसे: ‘सोडली. आता कोणाचे नावे?’

ऐसे विचारणे कोणाही सेवेस शिकविलेले नव्हते. नावाची चौकट उघडी राहिली आणि बाईंचा हात कळफलकावर तसाच राहिला. ओगले म्हणाले, “रेवती, हात काढ.” बाईंनी हात काढिला, शब्द बदलला, दार लाविले, आणि आपली सेवा पुन्हा चालू केली.

दाजिबा त्या दिवसापासून निजून राहिले, आणि आठवड्याने आपले घरी गेले. दफ्तरात नवा दस्तूर जाहला, की ‘आहे’ यावर नोंद न ठेविता कामाचा एक प्रश्न विचारावा आणि खरे उत्तर आले तरच नाव राखावे. येणेप्रमाणे ‘खाटा’ दाखल जाहली आणि राज्याचे काम चालले. नाकारलेल्या निरोपांची वही वेगळी आहे, ती बाई रोज सकाळी एकवार पाहतात. तीत दर तीस सेकंदांनी कोठी नऊकडून निरोप येतो, परंतु ‘आहे’ असे ती आता म्हणत नाही. कोणाचे नावे, एवढेच विचारते. उत्तर द्यावयाचे नाही ऐसा हुकूम आहे, आणि आजवर कोणी दिलेले नाही. इति.