आघात कुठं द्यायचा

"आज नोकरी खिशात घालूनच येतो!" बोरगावहून निघताना श्रेयांस मगदूमनं आईला ठासून सांगितलं. बेळगावच्या एका शाळेत अकरा वाजता त्याचा नमुना-पाठ होता आणि विषय तर त्याच्या हातचा मळ : इंग्रजी शब्दांचे सिलॅबल. शब्द जितक्या ठोक्यांत उच्चारायचा तितके त्याचे सिलॅबल, आणि त्यांतल्या एकावर जोर, म्हणजेच आघात!

निपाणी-बेळगाव बसमध्ये त्याला मागच्या दाराजवळ जागा मिळाली. बसची घंटी केव्हाच मुकी झाली होती. कंडक्टर आण्णाप्पा पत्र्यावर थाप मारून काम भागवी. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. श्रेयांसलाही हे लहानपणापासून ठाऊक होतं. पण आज डोक्यात पाठ होता.

संकेश्वरला आण्णाप्पा नोंद करायला उतरला. श्रेयांसनं डोळे मिटून तळवा पत्र्यावर ठेवला. "बि-गिन. सिलॅबल दोन, आघात दुसऱ्यावर!"

धप. धाड्!

बस निघाली.

"आगं बया, कंडक्टर ऱ्हायला की!" शेजारच्या रुक्माबाई किंचाळल्या. "इस्टाप! इस्टाप!" सगळी बस पत्रा बडवू लागली. इस्, टाप. इस्, टाप. गर्दीपलीकडच्या ड्रायव्हरला फक्त दोन-दोन थापा ऐकू येत होत्या. स्वतःच्याच लग्नाला उशीर झाल्यासारखी त्यानं बस पिटाळली!

"अहो, स्टॉपमध्ये एकच सिलॅबल आहे!" श्रेयांस कळवळला. "एकदाच मारा!"

"मग 'इस्' कुठं ठिवू? पिशवीत?"

"'इस्' नाहीच आहे त्यात, मावशी!"

"न्हाय कसा? आत्ता म्हटलं की मी!"

श्रेयांसनं स्वतः एक थाप मारली. साथ म्हणून रुक्माबाईंनीही एक मारली. झाल्या दोन!

अखेर हत्तरगीच्या टोलनाक्यावर बस थांबली. पाठोपाठ कुणाच्या तरी मोटारसायकलवरून आण्णाप्पा आला. चेहरा संकेश्वरी मिरचीसारखा लाल!

"पत्र्यावर हात कुणी मारला?"

"मी... आघात कुठं द्यायचा ते बघत होतो."

"मी दावू का, कुठं द्यायचा त्ये?"

शाळेत पोचायला पावणेबारा झाले. मुख्याध्यापिका प्रमोदिनीबाईंनी ओठ घट्ट मिटून सगळी हकीकत ऐकली आणि टेबलावरची घंटी वाजवली. टिंग, टिंग.

दोन! म्हणजे चल! श्रेयांसला आणखी काही सांगायची गरज नव्हती. त्यानं नमस्कार केला, पिशवी उचलली आणि बाहेर पडला.

त्या शाळेत दोनदा घंटी म्हणजे दोन कप चहा. शिपाई मष्णू ट्रे घेऊन आला तेव्हा प्रमोदिनीबाई एकट्याच पदरानं डोळे पुसत हसत होत्या. "अरे, पळ, बोलाव त्यांना! असा मास्तर हातचा घालवायचा होय?"

मष्णू धावत सुटला. श्रेयांस फाटकाबाहेर पडत होता. मष्णूनं फाटकाच्या पत्र्यावर थापा मारत हाक दिली,

"ओ सर! इस्-टाप!"

दोन थापा! श्रेयांसनं वेग वाढवला.