शांतवन मास्तरांची हरकत

चावडीवर सरकारी नोटीस डकवली, की खळ वाळायच्या आत तिच्याखाली जांभळ्या शाईत दोन शब्द उमटायचे : 'हरकत आहे.' त्याखाली झोकदार सही, शांतवन मास्तर, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक.

मी त्या गावचा ग्रामसेवक. मिरजगावहून सडकेने यायचं आणि फाट्यावर उतरून पुढे चालायचं, असं ते गाव. हजर होऊन मला चारच महिने झाले होते, आणि त्यातले निम्मे दिवस मास्तरांच्या हरकतींना उत्तरं देण्यात गेले होते. देवीची लस टोचायला पथक येणार, या नोटिशीवरसुद्धा त्यांची हरकत!

"मास्तर, लस नको तुम्हाला?" मी वैतागून विचारलं.

"लस पायजे. पन दिवस बाजाराचा निवडलाय. समदा गाव मिरजगावला जाईल आन् पथक काय भिंतींला टोचनार? कागद वाचून डकवत जावा, भाऊसाहेब."

ठरल्या दिवशी पथक आलं आणि गाव बाजाराला गेलेलं होतं. यानंतर माझा मास्तरांवरचा राग कमी व्हायला हवा होता. तो वाढला. म्हातारा नुसता भांडकुदळ असता तर सोसलं असतं, पण तो दर वेळी बरोबरही निघायचा.

मास्तर लिहायचे छापील पुस्तकासारखं आणि बोलायचे मात्र गावासारखं. "इचारलं कुनाला?" हे त्यांचं पालुपद. एकदा जिल्ह्याचा वीस वर्षांचा रस्ते आराखडा लोकांच्या सूचनांसाठी आला. असल्या कागदाला सूचना करायच्या नसतात, तो फायलीला लावायचा असतो, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मास्तरांनी चौथीच्या वर्गातल्या सगळ्या पोरांच्या सह्या जोडून सूचना पाठवल्या. 'सह्या करणारे सज्ञान नाहीत' असा शेरा मारून कागद परत आला. मास्तरांनी त्या शेऱ्याखाली लिहिलं, 'रस्ता होईपर्यंत होतील,' आणि तो पुन्हा टपालात टाकायला मलाच पाठवलं.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. विहिरी तळाला गेल्या, टँकरपुढे घागरींच्या रांगा लागल्या. गावाला दुष्काळी कामातून पाझर तलाव मंजूर झाला. जागा, सडकेलगतचा वरचा नाला. माझी नोटीस वाळते न वाळते तोच खाली जांभळी शाई! 'हरकत आहे. खाली कातळ आहे. येणाऱ्याजाणाऱ्या मोटारींना पाणी दिसेल, गावच्या विहिरींना मिळणार नाही. तलाव खालच्या ओढ्यावर घ्यावा.'

या वेळी मात्र गाव मास्तरांवर उखडलं. काम लांबलं तर हजेरी बुडणार, आणि हजेरी बुडली तर चूल बंद. पण मास्तर हटेनात.

काम सुरू करायला उपअभियंता साहेब जीपमधून आले. दोनेकशे माणसं टिकाव, फावडी, पाट्या घेऊन उभी होती. मास्तर आले ते दोन भरलेल्या घागरी बैलगाडीत घालून. आदल्या दिवशी त्यांनी वरच्या नाल्यात आणि खालच्या ओढ्याकाठी गुडघाभर खोल असा एकेक खड्डा खणून ठेवला होता. वरच्या खड्ड्यात त्यांनी एक घागर सरळ उपडी केली.

"मास्तर, येड लागलं का?" पाटी घेऊन उभी असलेली हौसाबाई किंचाळली. "प्यायचं पानी हाय ते!"

"माझ्या वाट्याचं हाय. आठ दिस आंघोळ केली न्हाई. जरा लांब उभी ऱ्हा."

साहेबांचा चहा झाला, पान झालं, तरी खड्ड्यातलं पाणी होतं तिथेच. एक कावळा येऊन त्यात चोच बुडवून गेला.

मग मास्तरांनी सगळ्यांना खालच्या ओढ्यावर नेलं. तिथे दुसरी घागर ओतली. मुरमाने ते पाणी बघता बघता पिऊन टाकलं. "हे इहिरींत उतरनार," मास्तर म्हणाले.

साहेब हसले. "मास्तर, समजलं. वरच्या नाल्यात तुमची जमीन जात असेल, म्हणून हा खटाटोप."

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. साहेबांबरोबर आलेल्या ओव्हरसियरने नकाशा पसरला, सर्व्हे नंबर पाहिला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "साहेब, यांचं रान हे इथलं, ओढ्याकाठचं. तलाव इथं घेतला तर पहिल्यांदा यांचंच बुडतं. सगळंच."

तेव्हा माझं लक्ष गेलं. खड्ड्यापलीकडे चुन्याने रंगवलेल्या दगडांची चौकट होती, आत मातीचा उंचवटा.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

हौसाबाईने डोक्यावर पदर घेतला. "मास्तरीनबाई हायेत."

मला माझी लाज वाटली. साहेबही घुटमळले, पण मंजूर झालेली जागा बदलता येणार नाही, असं म्हणाले. तेव्हा हौसाबाईने हातातली पाटी पालथी घातली आणि तिच्यावर बसली.

"मग वर टिकाव लागनार न्हाई."

"हजेरी मांडणार नाही मी!" साहेब ओरडले.

"नका मांडू. ऱ्हाऊ उपाशी. आयुष्यभर पानी वाहतोय आमी, आमाला इचारलं व्हय कुनी?"

एकामागून एक पाट्या पालथ्या पडत गेल्या. दोनशे माणसं उन्हात बसून राहिली. पाचव्या दिवशी साहेबांनी जागा बदलल्याचं पत्र धाडलं.

आखणीच्या दिवशी मी ओव्हरसियरबरोबर होतो. मास्तर कबरीपाशी उभे होते.

"भरल्यावर हितं किती पानी?"

"बारा फूट, मास्तर. कबर हलवायची असेल तर माणसं देतो."

"नगं. लई उन्हात पानी वाहिलं तिनं. ऱ्हाऊ द्या." मग जरा थांबून म्हणाले, "काठ कुठवर येईल तेवढं दावा. सांजचं बसायला जागा पायजे मला. घरी बोलायला कोन हाय?"

ओव्हरसियर अंतर मोजत चढावर गेला आणि त्याने खुंटी ठोकली.

मास्तरांनी खुंटीकडे पाहिलं, मग कबरीकडे.

"एवढ्या लांब? धा हात अलीकडं घ्या की."

"मास्तर, तिथं पाणी येईल."

"येऊ द्या," मास्तर म्हणाले. "पाय भिजतील, एवढंच."