व्याह्यांच्या सायकलीतली मोटार

"माझ्या नजरेतून काही सुटत नाही!" हे चष्मेवाल्यांचं ठरलेलं वाक्य होतं. आयुष्यभर चष्म्याचं दुकान चालवलेल्या माणसाने ते म्हणावं, यात गैर काही नव्हतं. फक्त ते बायकोसमोर म्हणायचं नसतं, एवढं त्यांना कळत नसे.

"मग समोरचा टॉवेल का दिसत नाही तुम्हाला?" ती विचारायची.

तर या चष्मेवाल्यांनी सायकलच्या शर्यतीत नाव घातलं. मास्टर्स गट, म्हणजे पन्नाशी उलटलेल्या हौशी मंडळींचा. पहाटे उठून वर्षभर घाम गाळला, पोट आत घेतलं, आणि आपण पहिल्या तिघांत येणार हे प्रत्येक गिऱ्हाइकाला तक्त्यावरचं पहिलं अक्षर वाचायच्या आत सांगून टाकलं.

आणि मग व्याह्यांनीही नाव घातलं!

व्याही म्हणजे लेकीचे सासरे. माणूस गोल, हसरा, जिना चढताना मध्येच पायरीवर बसून गप्पा मारणारा. पण एका रविवारी सरावाला चढावर चष्मेवाले कुत्र्यासारखी जीभ काढून सायकल दामटत असताना हे गृहस्थ शेजारून शीळ घालत निघून गेले. शीळ! वर "या निवांत!" असंही म्हणाले.

तिथेच चष्मेवाल्यांच्या डोक्यात किडा शिरला. व्याह्यांचा धंदा काय? मोटारी दुरुस्त करायचा! पंपाच्या, पंख्याच्या, मिक्सरच्या. अशा माणसाला सायकलच्या नळीत एक बारकीशी मोटार बसवायला कितीसा वेळ लागणार?

"मोटार आहे त्या सायकलीत," जेवताना त्यांनी बायकोला सांगितलं.

"पुरावा?"

"शीळ घालत होते!"

"अहो, लेकीला नववा महिना आहे. आतल्या खोलीत पडलीय ती. तिच्या सासऱ्यांबद्दल एक वेडावाकडा शब्द ऐकू गेला ना तिला, तर माझ्याशी गाठ आहे!"

शब्द नाही, तर पुरावा. दुसऱ्याच दिवशी चष्मेवाले "सहज आलो होतो" म्हणत व्याह्यांकडे गेले. व्याही चहा सांगायला आत वळले, तशी यांनी व्हरांड्यातली सायकल उचलून वजन पाहिलं. मग डॉक्टर छाती ठोकून बघतात तशी नळी ठोकून पाहिली. मग नळीला कान लावला.

"काय झालं हो?" मागून आवाज आला.

"धूळ! धूळ झटकत होतो."

"कानाने?"

चष्मेवाल्यांनी चहा कसाबसा संपवला आणि घरची वाट धरली. पण हा माणूस चिडला कसा नाही? मोटार नसती तर चिडला असता! संशय आता नुसता किडा राहिला नव्हता, चांगला बाळसं धरून रांगायला लागला होता.

शर्यतीच्या दिवशी चष्मेवाल्यांनी डाव आखला. पुढे जायचंच नाही. व्याह्यांच्या मागच्या चाकाला चिकटून राहायचं आणि मोटारीची घरघर ऐकायची. ऐकण्यात व्यत्यय नको म्हणून त्यांनी स्वतःचा फोन मुका करून ठेवला. पंचांचा नंबर आधीच साठवला होता. डोळ्यांवर नवा काळा गॉगल होता, फार ऐटबाज. नंबराची भिंगं बसवली तर ऐट जाते, म्हणून ती बसवली नव्हती. त्यामुळे लांबच्या पाट्या म्हणजे नुसते रंगीत डाग, पण चोर तर हातभर अंतरावर होता!

शर्यत सुटली. एकेक जण पुढे जायला लागला. पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ तर "बरं वाटतंय ना?" असं विचारून गेले. चष्मेवाले हलले नाहीत. कान टवकारून बसले.

आणि पेट्रोल पंपाच्या अलीकडे आवाज आला. घर्रर्र... घर्रर्र...

सापडली!

पण व्याह्यांनी पाठीच्या खिशात हात घातला आणि घरघरणारा फोन काढला. "हो? आत्ता? निघालोच!" मग मान वळवून ओरडले, "व्याही! चला, इकडून या! जवळचा रस्ता आहे!"

रस्त्यावर रंगवलेला शर्यतीचा बाण उजवीकडे होता. व्याही डावीकडे वळले!

चष्मेवाले थक्क झाले. मोटार परवडली! हा माणूस भर शर्यतीत रस्ता चोरत होता, आणि वर लेकीच्या बापाला वाटेकरी करत होता! "आलो!" असं दात ओठ खात म्हणून त्यांनी पॅडल हाणलं. इतक्या वेगाने ते वर्षभरात कधी धावले नव्हते. गल्ल्या, भाजीबाजार, गतिरोधक, काही पाहिलं नाही. एका पांढऱ्या इमारतीच्या फाटकात व्याह्यांनी सायकल भिंतीवर टाकली आणि आत पळाले.

दुसरी सायकल आत लपवली असणार! चष्मेवाल्यांनी फोन काढला. बायकोचे कितीतरी फोन येऊन गेले होते. भाजी काय आणू विचारायची ही वेळ आहे का? त्यांनी पंचांना लावला.

"सत्तेचाळीस नंबर! लबाडी! पंपाच्या डावीकडे, पांढरी इमारत. मी कोंडून ठेवतो, तुम्ही या!"

"अहो, पण ते तर..."

फोन बंद. चष्मेवाले गुळगुळीत फरशीवर घसरत, भिंती धरत, वरच्या मजल्यावर पोचले, व्याह्यांचा आवाज येत होता ते दार ढकललं आणि गरजले, "सापडलात! आता कुठे पळाल?"

"हळू!" नर्स खेकसली. तिच्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी लालसर होतं आणि ते रडत होतं. पलंगावर लेक होती. शेजारी जावई. बायको कमरेवर हात ठेवून उभी.

चष्मेवाल्यांनी गॉगल काढला. दिसलं तरीही काहीच नाही, कारण डोळे भरून आले होते.

"फोन उचलायला काय होतं हो तुम्हाला!" बायको म्हणाली. "सुखरूप आहेत दोघी. मुलगी झाली."

"त्यांना बोलू नका, विहीणबाई," व्याही डोळे पुसत म्हणाले. "मी नुसती हाक मारली. कशाला, काय, एका अक्षराने विचारलं नाही. शर्यतीवर पाणी सोडून जिवाच्या आकांताने माझ्या मागे आले. बापाचं काळीज असावं तर असं!"

लेक हुंदका देऊन म्हणाली, "बाबा!"

नर्सने नात चष्मेवाल्यांच्या हातात दिली. ती डोळे बारीक करून त्यांच्याकडे असं बघत होती, की हिला सगळं ठाऊक आहे अशी त्यांना शंका आली.

तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले. दारात शिट्टी गळ्यात अडकवलेले पंच उभे. "सत्तेचाळीस नंबर कुठाय? फोन कुणी केला?"

सत्तेचाळीस नंबर व्याह्यांच्या पाठीवर पिना लावून डुलत होता. चष्मेवाल्यांनी नात बायकोच्या हातात दिली आणि झेप घेऊन व्याह्यांना पाठीमागून घट्ट मिठी मारली.

"चुकून लागला असेल फोन!" ते व्याह्यांच्या खांद्यावरून म्हणाले. "कुणाचा तरी! आमच्याकडे मुलगी झालीय!"

पंचांनी मान वाकडी करून व्याह्यांच्या पाठीवरचा नंबर दिसतो का पाहिलं. मग अभिनंदन म्हणाले, पण गेले नाहीत. दाराशीच उभे राहिले.

"व्याही," थोड्या वेळाने व्याही गहिवरून म्हणाले, "तुम्ही इतके मायाळू असाल असं वाटलं नव्हतं. पण आता सोडा. मला श्वास घेता येत नाहीये."

"अजून थोडा वेळ," चष्मेवाले म्हणाले.