बॅटरी, विभूती आणि नांदेडचे पाहुणे

गाडीतलं मला सगळं कळतं! हे मी माझ्या तोंडानं सांगू नये, पण दुसरं कुणी सांगत नाही, म्हणून मलाच सांगावं लागतं. लातूरच्या मार्केट यार्डात माझं आडतीचं दुकान आहे. सोयाबीन मुठीत घेतलं की ओल किती ते सांगतो. तुरीचा दाणा दाताखाली धरला की माल कुठल्या शिवारातला ते सांगतो. आता एवढं कळणाऱ्या माणसाला चारचाकीची एक बॅटरी बदलता येणार नाही का?

"नाही," आमची महादेवी म्हणाली.

बायको आहे, तिला अधिकार आहे. पण तिनं ते तिच्या वडलांसमोर म्हणायला नको होतं.

त्याचं असं झालं. महादेवीची धाकटी बहीण अक्षरा. तिला बघायला रविवारी नांदेडचे पाहुणे येणार होते. नांदेडहून निलंगा लांब पडतं, म्हणून बैठक आमच्या घरी, लातुरात ठरली. शनिवारी संध्याकाळी अक्षरा आणि माझे सासरे रेवणप्पा निलंग्याच्या एसटीनं आले. मी ऐटीत गाडी घेऊन स्टँडवर गेलो. सामान टाकलं, मंडळींना बसवलं, चावी फिरवली. गाडी म्हणाली, टक्‌टक्‌टक्‌! पुन्हा फिरवली. पुन्हा टक्‌टक्‌टक्‌! बोळक्या तोंडाच्या म्हातारीनं खलबत्त्यात विडा कुटावा, तसा आवाज!

शेवटी औशाच्या एसटीला थांबलेल्या लोकांनी गाडी ढकलली. त्यात सासरेही होते. चष्मा काढून मागच्या सीटवर ठेवला, धोतराचा सोगा खोचला आणि 'हर हर महादेव' म्हणत त्यांनी असा रेटा दिला, की गाडी त्यांना सोडूनच पुढं गेली! पुढच्या चौकातून वळून त्यांना आणावं लागलं.

घरी जाताना, इंजिन चालूच ठेवून, बॅटरीच्या दुकानासमोर थांबलो. नवी बॅटरी घेतली. दुकानदार म्हणाला, "थांबा शेठ, लगेच बसवून देतो. त्याचं काही वेगळं घेत नाही."

"मला काय हात नाहीत का?" मी म्हणालो.

"तसं नाही हो. काढताना आधी मायनस काढा, लावताना मायनस शेवटी. चावी खिशात ठेवा. आणि टर्मिनल घट्ट केल्यावर वरून व्हॅसलीन लावा, म्हणजे परत ते पांढरं चढत नाही."

शेतकरी आपल्या मालाचं कौतुक सांगायला लागला की मी जसा 'हूं, हूं' करतो, तसंच 'हूं, हूं' केलं आणि बॅटरी डिकीत टाकली.

जेवताना मी जाहीर केलं, "सकाळी उठतो, बॅटरी टाकतो, पाहुण्यांना स्टेशनवरून गाडीत घालून आणतो!"

"आपले जावईबापू लई हुशार हायेत," सासरे म्हणाले. आणि त्यावर महादेवी ते 'नाही' म्हणाली!

सकाळी बॉनेट उघडलं, तर टर्मिनलवर हे एवढं पांढरं-निळसर चढलेलं! कापसाचं बोंड फुटावं तसं फुललं होतं. शेजारचे सिद्धराम दात घासत घासत कंपाउंडवरून वाकले. हे निवृत्त तलाठी. फोनवर दिवसभर व्हिडिओ बघतात आणि ऑपरेशनपासून अवकाशयानापर्यंत कशावरही सल्ला देतात.

"खायचा सोडा टाका त्यावर," ते फेस उडवत म्हणाले. "पाण्यात कालवून."

"माहितीये मला," मी म्हणालो. मला माहीत नव्हतं. पण कालवला.

त्याआधी ते पांढरं सुरीनं खरवडून मी एका बशीत काढून ठेवलं. का? तर नांदेडचा मुलगा रविकिरण इलेक्ट्रिकल इंजिनियर होता! पुण्यात मोठ्या कंपनीत. त्याला बशी दाखवून सहज म्हणायचं होतं, 'बघा, दुर्लक्ष केलं की असं होतं. मी वेळीच काढलं.' इंजिनियरला कळायला पाहिजे की मुलीचे दाजी काही साधेसुधे नाहीत! बशी मी न्हाणीघराच्या खिडकीत ठेवली.

जुनी बॅटरी निघाली. केबलच्या तोंडावर सोड्याचं पाणी टाकलं, तर असा फस्स फेस आला, की मलाच माझा अभिमान वाटला! नवी बॅटरी जागेवर बसवली. प्लस लावलं, आवळलं. मग मायनस टेकवलं.

खट्!

चारही दारं बंद झाली. आतून. आपोआप. आणि लगेच गाडी ओरडायला लागली. पँऽऽ पँऽऽ पँऽऽ! दिवे उघडझाप, उघडझाप! दरोडेखोर शिरल्यासारखी गाडी मालकाच्याच नावानं बोंब मारत होती!

"चावी कुठंय?" महादेवी धावत बाहेर आली.

मी काचेतून आत बोट दाखवलं. चावी जागेवरच लटकत होती.

"दुसरी चावी?"

"कपाटात."

"मग काढा की!"

"कपाटाची चावी त्याच जुडग्यात आहे."

महादेवीनं काचेतून आत बघितलं. जुडग्याशेजारच्या सीटवर अक्षराची बैठकीसाठी इस्त्री केलेली साडी होती. मागं सासऱ्यांचा चष्मा होता. शनिवारपासून दोन्ही तशीच राहिली होती.

"मायनस काढा, मायनस!" सिद्धराम ओरडले. मी पाना लावला, पण घाईत लावला तो प्लसला. पान्याचं दुसरं टोक बॉडीला टेकलं आणि ठिणग्यांचं असं झाड उडालं, की सिद्धराम ब्रशसकट खाली बसले! माझ्या हातातून पाना सुटला आणि इंजिनाच्या पोटात कुठं तरी ठण्‌ठण्‌ करत गडप झाला.

समोर डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांचं होस्टेल आहे. खिडकी-खिडकीत डोकी आली. गच्चीवरून वॉर्डन ओरडला, "अहो, इथं टेस्ट चालू आहे! पोरांच्या भविष्याचा तरी विचार करा!"

पोरं मात्र टाळ्या वाजवत होती. त्यांनी महिनाभरात एवढी मजा बघितली नसावी!

एवढ्यात सासरे आंघोळ उरकून बाहेर आले. उघडं अंग, गळ्यात इष्टलिंग, आणि कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे. पट्टे जरा निळसर दिसत होते.

"जावईबापू," ते हॉर्नच्या वरताण ओरडले, "खिडकीतली विभूती कुठल्या मठातली हो? लई जागृत हाय! लावली की कपाळ चुरचुरून राहिलंय!"

चष्म्याविना त्या माणसाला बॅटरीचा खरवडा आणि विभूती यात फरक कसा कळावा?

"मामा! पुसा ते! पुसा!"

"का म्हणून पुसू? आंगात कसं तेज चढून राहिलंय!"

"ते तेज नाही मामा, तेजाब आहे!" आणि मी सोड्याच्या पाण्याचा मग त्यांच्या कपाळावर ओतला.

फस्स! सासऱ्यांच्या कपाळावर फेस उसळला. भुवयांवरून बुडबुडे नाकापर्यंत आले. "अय्यप्पा! अय्यप्पा!" करत ते डोळे गच्च मिटून अंगणात उभे राहिले. महादेवीनं नळी घेतली आणि बापाला झाडासारखं पाणी घातलं.

आणि नेमकी त्याच वेळी दारात रिक्षा थांबली! स्टेशनवर वाट बघून कंटाळलेले नांदेडचे पाहुणे स्वतःच आले होते. पुढं मुलाचे वडील गुरुपादप्पा, मागं त्यांच्या पत्नी, त्यांच्या मागं रविकिरण. समोर दृश्य असं: गाडी बोंबलतेय, होस्टेल टाळ्या पिटतंय, होणारे व्याही उघड्या अंगानं भिजून निथळताहेत, आणि मी पाहुण्यांना वाकून नमस्कार करतोय, कोपरापर्यंत काळा!

"काही... अडचण आहे का?" गुरुपादप्पांनी विचारलं.

"छे छे!" मी म्हणालो. "या ना! बॅटरी बदलतोय!"

गुरुपादप्पांचं लक्ष सासऱ्यांच्या कपाळाकडं गेलं. पाण्यानं पट्टे धुतले गेले होते, पण त्यांच्या जागी कातडीवरच तीन लालबुंद रेषा उमटल्या होत्या. गुरुपादप्पांनी हात जोडले.

"काय निष्ठा आहे! अंगात मुरलीय हो भक्ती! असं घराणं मिळणं भाग्याचं!"

सासऱ्यांनीही हात जोडले.

तोपर्यंत सिद्धरामांना आठवलं. "अरे, इंजिनियर आलेत की! इलेक्ट्रिकल! व्हा बाजूला, व्हा बाजूला!"

सगळ्यांनी रविकिरणला गाडीपुढं ढकललं. गल्ली श्वास रोखून बघायला लागली. होस्टेलची पोरं तर खिडकीतून अर्धी बाहेर आली. इंजिनियर व्हायचं की डॉक्टर, याचा निकालच जणू आता लागणार होता! रविकिरणनं वाकून बॉनेटमध्ये बघितलं. खूप वेळ बघितलं. मग सरळ झाला आणि शांतपणे म्हणाला,

"मला यातलं काही येत नाही."

हॉर्न वाजतच होता. पण मला वाटलं, जग थांबलं!

"अरे, इलेक्ट्रिकल ना तू?" गुरुपादप्पा कळवळले.

"हो बाबा. पण मी दिवसभर मीटिंगच करतो. बॅटरीला कधी हात नाही लावला. गॅरेजला फोन करूया का?"

मला त्या पोराची दया आली. एवढ्या लोकांत असं म्हणायचं! शिकवलं काय यांना कॉलेजात? मी त्याच्या पाठीवर थाप मारली, त्याच्या पांढऱ्या शर्टावर माझा पंजा उमटला, आणि मी म्हणालो, "राहू द्या. तुम्ही चहा घ्या. मी आहे ना!"

सिद्धरामांकडून पकड मागून घेतली. कशीबशी दोन्ही टर्मिनल सोडवली. हॉर्न बंद! शांतता! मी छाती फुगवून चारीकडं बघितलं. पण दारं बंदच होती. दारं उघडायला करंट पाहिजे, करंट द्यायला बॅटरी जोडायला पाहिजे. दोन्ही केबल धुळीनं एकसारख्या काळ्या झालेल्या. लाल कुठली नि काळी कुठली?

"दाजी, बघून लावा," मागून अक्षरा म्हणाली. साडी गाडीत अडकल्यामुळं ती एसटीतल्याच पंजाबी ड्रेसवर चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

"तू चहा बघ," मी म्हणालो आणि केबल लावली.

ढप्प!

बॉनेटमधून निळा धूर निघाला. तारा जळाल्याचा वास गल्लीभर पसरला. त्यानंतर गाडीनं आवाज केला नाही. टक्‌टक्‌ सुद्धा नाही. माझ्या हातात व्हॅसलीनची डबी मात्र तयार होती, म्हणून मी टर्मिनलला व्हॅसलीन लावलं. भरपूर लावलं. आता पांढरं चढणार नाही!

आत बैठक बसली. पोहे झाले. गुरुपादप्पा व्याह्यांच्या कपाळावर असे लुब्ध झाले होते, की त्यांनी मुलगी रीतसर बघायच्या आधीच होकार दिला. अडलं ते सासऱ्यांचं. मला आणि दोन्ही बहिणींना त्यांनी स्वयंपाकघरात बोलावलं. आत येताच महादेवीनं त्यांच्या कपाळावर दह्याचा लपका थापला.

"मला काई हे पोरगं पटंना गा," ते हळू आवाजात म्हणाले. "म्हणं इंजिनियर! आन् एक बॅटरी कळंना! त्याच्यापरीस आपले जावई अमरनाथराव बरे. न शिकता एवढं करून राहिले."

मी नम्रपणे मान खाली घातली. खरं ते खरं!

"मला पसंत आहे," अक्षरा म्हणाली.

"आं? काय बघून?"

"अख्ख्या गल्लीसमोर तो म्हणाला, मला येत नाही." अक्षरानं कप बशीत ठेवला. "आप्पा, आपल्या घरात असं म्हणणारा पुरुष मी अजून बघितला नाही. तुम्ही कधी म्हणालात? हे दाजी कधी म्हणाले? यांच्यामुळं तुमचं कपाळ भाजलं, गाडी जळाली, माझी साडी त्यात अडकली, तरी बाहेर व्हॅसलीन लावत होते! काही जाळायच्या आधीच कबूल करणारा नवरा पाहिजे मला."

सासऱ्यांनी एकदा कपाळाला हात लावला, एकदा माझ्याकडं बघितलं. खूप वेळ बघितलं. मग उठले, बाहेर गेले आणि म्हणाले, "साखर वाटा."

साखर वाटली. तेवढ्यात रविकिरणनं फोन करून बोलावलेली गॅरेजची गाडी आली. माझी गाडी पुढची दोन चाकं वर करून, बळजबरीनं बैल न्यावा तशी ओढत नेली. होस्टेलनं उभं राहून निरोप दिला.

दुपारी सगळे गेल्यावर मी पलंगावर पडलो होतो. महादेवी शेजारी येऊन बसली. बराच वेळ हसू दाबत होती.

"मी काय म्हणते," ती म्हणाली, "तुम्ही पण एकदा म्हणून बघा की. काही झिजत नाही माणूस."

"काय म्हणून बघू?"

"मला येत नाही."

"हे?" मी ताडकन उठून बसलो. "हे म्हणायला काय लागतं? हे तर मला चांगलंच येतं!"